श्रमणाऱ्या शरीराचीही निगा हवी

आरोग्यविषयक उपदेशाची आज आपल्याकडे वाण नाही. दैनिकांच्या पुरवण्या, दूरचित्रवाणीवरील सकाळचे कार्यक्रम आणि हातातला भ्रमणध्वनी अशा सर्व दिशांनी सल्ल्यांचा वर्षाव होत असतो. पहाटे फिरायला जा, बदाम भिजवून खा, उद्वाहकाऐवजी जिन्याने चढा, आठवड्यातून तीनदा व्यायामशाळेत जा. यातले बहुतेक सल्ले चुकीचे नसतात. प्रश्न वेगळाच आहे. हे सारे कोणाला उद्देशून सांगितले जाते? ज्याच्या इमारतीला उद्वाहक आहे, ज्याच्या घराजवळ उद्यान आहे आणि ज्याची सकाळ त्याच्या स्वतःच्या मालकीची आहे, त्याला! आपल्या शहरांतील फार मोठा समाज या वर्णनात बसत नाही. आणि जो बसत नाही त्याच्या आरोग्याचा विचार आपण रुग्णालयाच्या दारातच सुरू करतो.

२१ जून हा दिवस २०१५ पासून जगभर योग दिन म्हणून साजरा होतो. संयुक्त राष्ट्रसंघाने ११ डिसेंबर २०१४ रोजी तसा ठराव केला, ही प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटावा अशी घटना होय. त्या दिवशी मैदाने भरतात, छायाचित्रे निघतात, मान्यवरांची भाषणे होतात. परंतु २२ जूनच्या पहाटे त्याच मैदानावर किती पावले वळतात? उत्सव हे आपल्या समाजाचे बळ आहे खरे. पण आरोग्य उत्सवाने मिळत नाही, ते दिनचर्येने मिळते. आणि दिनचर्या ही ज्याच्या-त्याच्या कामाशी, घराशी, पाण्याशी आणि झोपेशी बांधलेली असते. म्हणून आरोग्याचा विचार एखाद्या प्रत्यक्ष वस्तीत उभे राहून केला पाहिजे. अशी एक वस्ती म्हणजे छत्रपती संभाजीनगरातील मुकुंदवाडी.

गाव, वसाहत आणि कारखाना

मुकुंदवाडी हे मुळात शहराबाहेरचे गाव. १९७० च्या दशकात सिडकोने शेजारच्या जमिनींवर आखीव वसाहत उभारली, पूर्वेला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत वाढली आणि जालना रस्त्यावरील हे गाव बघता बघता शहराच्या पोटात आले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, कोरडवाहू शेतीच्या लहरीपणाला कंटाळून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. कोणी कारखान्यात पाळीवर, कोणी बांधकामावर, कोणी रिक्षा किंवा टेम्पोवर, कोणी चार घरची धुणीभांडी करून संसार चालवतो. ही कष्टकरी माणसे आहेत. त्यांना कोणी ‘व्यायाम करा’ असे सांगू गेले तर ती हसतात. आणि त्यांचे हसणे वरवर पाहता रास्तच वाटते. दिवसभर राबणाऱ्या माणसाला व्यायाम कशाला हवा?

हा समज आपल्या समाजात इतका खोल रुजला आहे की त्याची तपासणीच कोणी करत नाही. ती केली पाहिजे, कारण या समजाची किंमत मोठी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला देशव्यापी अभ्यास सांगतो की भारतातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. म्हणजे दर तीन प्रौढांमागे किमान एक! ‘श्रीमंतांचे आजार’ म्हणून ज्यांची आपण एकेकाळी थट्टा केली, ते आजार आता पत्र्याच्या घरातही मुक्कामाला आले आहेत. फरक एवढाच की श्रीमंताघरी ते वेळेवर ओळखले जातात. येथे मात्र घरातला कमावता पुरुष पक्षाघाताने आडवा झाल्यावरच रक्तदाबाची पहिली नोंद होते. त्या एका दिवसात त्या घराची दहा वर्षांची मिळकत, मुलीचे शिक्षण आणि गावाकडचा जमिनीचा तुकडा पणाला लागतो.

कष्ट आणि व्यायाम

कष्ट म्हणजेच व्यायाम नव्हे का? या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग असा की आजचे पुष्कळसे कष्ट हे शरीराच्या हालचालीचे राहिलेले नाहीत. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असत, वाहक दिवसभर जिना चढत-उतरत असत. पगार, वस्ती, खाणेपिणे जवळपास सारखेच. पण हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये स्पष्टपणे कमी आढळले. व्यायाम आणि हृदय यांच्या नात्याचा आधुनिक अभ्यास येथून सुरू झाला असे मानले जाते. मुकुंदवाडीच्या चौकात बारा-बारा तास रिक्षात बसून राहणारा तरुण थकतो, घामाघूम होतो, धूर गिळतो. पण त्याचे पाय हलत नाहीत. त्याची अवस्था लंडनच्या त्या चालकासारखीच आहे.

दुसरा भाग अधिक सूक्ष्म आहे. जो खरोखरच ओझी उचलतो, यंत्रासमोर आठ तास उभा राहतो, त्याचे काय? डेन्मार्कमधील संशोधकांनी गेल्या काही वर्षांत याचा बारकाईने मागोवा घेतला. त्यांना असे दिसले की मोकळ्या वेळातील व्यायामाने हृदयाला जे बळ मिळते ते कामावरच्या जड श्रमातून मिळतेच असे नाही. काही वेळा उलटाच परिणाम दिसतो. कारण समजून घेण्यासारखे आहे. व्यायामात हृदयाची गती थोडा वेळ वाढते आणि मग शरीराला विसावा मिळतो. कामावर ती गती तासन् तास थोडी वाढलेलीच राहते, विसावा अपुरा पडतो, एकाच स्थितीत उभे राहिल्याने आणि जड वजन उचलल्याने रक्तदाब चढतो, आणि तेच ते स्नायू झिजतात तर बाकीचे आखडून जातात. घाम आला म्हणजे आरोग्य आले असे होत नाही, ते यामुळे.

आपल्या पूर्वजांना हा विवेक होता. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येच्या अध्यायात व्यायामाची मर्यादा घालून दिली आहे. बलवान माणसानेही आपल्या शक्तीच्या निम्माच व्यायाम करावा, तोही थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी, असे तो सांगतो. अतिव्यायामाने काय काय बिघडते याची यादीही देतो. शरीर थकवणे हे व्यायामाचे उद्दिष्ट नाही, त्याला बळ देणे हे आहे, असा या सांगण्याचा अर्थ. बाराव्या तासाची जादा पाळी करून आलेल्या कामगाराला कोणी दंडबैठकांचा आग्रह धरत नाही. त्याला हवे आहे ते आखडलेले शरीर मोकळे करणे आणि हृदय-फुप्फुसांना दिवसातून थोडा वेळ लयबद्ध काम देणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास, एवढाच त्याचा हिशेब. बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणे म्हणजे मध्यम गती. जोडीला सूर्यनमस्कार घालावेत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळाशाळांत सूर्यनमस्कार नेले, त्यामागे एक व्यावहारिक शहाणपण होते. या व्यायामाला साधन लागत नाही, पैसा लागत नाही आणि जागा लागते ती केवळ शरीराच्या लांबीएवढी. दहा बाय दहाच्या खोलीतही बारा नमस्कार होऊ शकतात. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे, ज्यांना कंबरेचा त्रास आहे, ज्या भगिनी गर्भवती आहेत त्यांनी मात्र वैद्याला विचारूनच आरंभ करावा.

हंड्याखालची पाठ

आता घरातील स्त्रीचा विचार करू, कारण वस्तीच्या आरोग्याची खरी धुरा तिच्याच खांद्यावर आहे. २०१९ मध्ये मुकुंदवाडीचे नाव देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकले. कारण भूषणावह नव्हते. येथील लहान मुले रिकामी भांडी घेऊन मुकुंदवाडीच्या छोट्या स्थानकावरून आगगाडीत चढत, शहराच्या मुख्य स्थानकावर पाणी भरत आणि परतीच्या गाडीने ते घरी आणत. जायकवाडीसारखे विशाल धरण ज्या शहराला पाणी पुरवते, त्या शहरातील हे चित्र! २०२० मध्ये नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले. परंतु काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याने या शहराच्या शरीरावर वर्षानुवर्षे जे घडवले आहे ते केवळ जलवाहिनी टाकून लगेच पुसले जाणार नाही.

पाणी कमी म्हणून स्त्रिया पाणी कमी पितात, बाहेर स्वच्छतागृह नाही म्हणून आणखी कमी पितात, आणि मूत्रमार्गाचे विकार ओढवून घेतात. पाणी साठवावे लागते म्हणून घरोघरी पिंपे भरलेली असतात आणि त्यांत डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचा सल्ला दिला जातो. पण नुसते पाणी ओतून भागत नाही. या डासाची अंडी भांड्याच्या आतील कडेला चिकटून राहतात, कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आले की जागी होतात. पिंपाची आतली बाजू काथ्याने घासून काढणे हा या वस्तीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा औषधोपचार आहे.

हंडा उचलण्याचेही शास्त्र आहे. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलोहून अधिक वजन. ते कंबरेत वाकून उचलले की सारा भार मणक्यावर पडतो. गुडघे वाकवून, हंडा शरीराशी धरून, पायांच्या बळावर उठावे. एक भरलेला हंडा नेण्यापेक्षा दोन अर्ध्या कळशा दोन्ही हातांत नेणे शरीराला मानवते. आणि मुख्य म्हणजे पाणी भरणे हे एकट्या स्त्रीचे काम मानू नये. घरातील धडधाकट तरुणाने व्यायामशाळेची वर्गणी भरण्यापूर्वी आईच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची उणीव, म्हणजेच रक्तक्षय, आढळला. अर्ध्याहून अधिक! सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरेल ते आपले, ही वृत्ती आपण त्याग म्हणून गौरवली. तिची किंमत पुढच्या पिढीच्या हाडामांसातून वसूल होते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही. उलट ताटात लिंबाची फोड असली की ते अधिक शोषले जाते. चहा तासभर पुढे ढकलणे आणि लिंबू पिळणे यास कितीसा खर्च येतो?

ताटातली ज्वारी

मराठवाड्याचा माणूस ज्वारीवर वाढला. रब्बीची मालदांडी ज्वारी, वर पिठले किंवा मटकीची उसळ, अंबाडीची भाजी, करडईचे तेल, कांदा आणि ठेचा. या ताटाला कोणत्याही आहारतज्ज्ञाने आज नावे ठेवू नयेत. शहरात आल्यावर हे ताट हळूहळू बदलले. शिधापत्रिकेवर प्रामुख्याने गहू-तांदूळ मिळू लागला, चांगली ज्वारी दुकानात महाग वाटू लागली, आणि भाकरी थापायला वेळ उरला नाही. पाळीवर जाणारा कामगार सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी वडापाव आणि रात्री पोळी-भात अशा आहारावर येऊन ठेपला. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने जगाने भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. महानगरांतील उपाहारगृहांत ज्वारी-बाजरीचे पदार्थ मोठ्या दराने मिळू लागले. ज्यांच्या पूर्वजांनी हे धान्य पिकवले, त्यांच्या डब्यात मात्र मैदा आहे. हा उलटा प्रवास थांबवता येईल काय?

संपूर्ण थांबवणे कठीण असेल, पण दिवसातून एक वेळ भाकरी, एक वाटी उसळ किंवा दाट वरण आणि ओंजळभर हिरवी भाजी एवढे बहुतेक घरांना साधते. चहाचेही गणित मांडून पाहावे. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर. दिवसाला पाच कप झाले की पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत आणि शक्यतो पंचवीस ग्रॅमपर्यंत असावी. म्हणजे जेवणातील गोडधोड धरण्यापूर्वीच मर्यादा संपली! कप निम्मे करावेत, चमचा एक करावा. मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा. लोणचे, पापड, फरसाण यांतून ते नकळत दुप्पट होते.

तंबाखूबद्दल स्पष्टच बोलले पाहिजे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही २०१६-१७ च्या सर्वेक्षणात राज्यातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात सेवन करताना आढळले, आणि त्यात तोंडात धरली जाणारी तंबाखूच अधिक. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून सुरू झालेली चिमूट आयुष्यभर सुटत नाही. तोंडात न भरणारी जखम, पांढरा चट्टा किंवा तोंड उघडण्यास अडचण दिसल्यास दोन आठवड्यांवर वाट पाहू नये.

रात्रपाळी हा तर स्वतंत्र शत्रू आहे. प्रौढाला किमान सात तास झोप लागते. रात्रपाळीचा कामगार सकाळी घरी येतो तेव्हा शाळेची गडबड, शेजारचा ध्वनिक्षेपक आणि पत्र्याचे तापलेले छप्पर यांच्याशी त्याची गाठ असते. खिडकीला जाड कापड लावणे, पाळीच्या शेवटच्या चार तासांत चहा न घेणे, मध्यरात्री जड जेवण टाळणे हे त्याच्या हाती आहे. त्याच्या झोपेच्या वेळी गल्लीत शांतता राखणे हे मात्र शेजाऱ्यांच्या हाती आहे. आरोग्य ही एकट्याने साधायची गोष्ट नाही, हे येथे पुरते उघड होते.

वस्तीने करावयाचे काम

जून २०२५ मध्ये महापालिकेने जालना रस्त्यावर मुकुंदवाडी भागात अतिक्रमणे हटविण्याची मोठी मोहीम राबवली. त्यात ज्यांची दुकाने गेली, रोजीरोटी गेली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न गंभीर आहे आणि तो सहानुभूतीनेच सोडवला पाहिजे. परंतु ज्या रुंद रस्त्यासाठी एवढी किंमत मोजली गेली, त्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याच्या वाट्याला काय येणार? सलग, सपाट, उजेड असलेला आणि वाहने न उभी राहणारा पदपथ मिळाला तर तोच हजारो कुटुंबांचा व्यायामाचा मार्ग होईल. न मिळाला तर वाहने अधिक वेगाने धावतील आणि चालणारा माणूस घरात कोंडला जाईल. चाला, असे सांगणाऱ्या शासनाने चालायला जागा द्यावी, ही मागणी अवाजवी नाही.

तीच गोष्ट मैदानांची. खो-खोचे मैदान अवघे २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. दोन खांब रोवले की खेळ सुरू. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले. शाळांची मैदाने शाळा सुटल्यावर कुलूपबंद न ठेवता सकाळ-संध्याकाळ वस्तीला खुली केली, तर मुलींनाही निर्धास्तपणे धावता येईल. २०२२ च्या आकडेवारीनुसार पुरेशी हालचाल न करणाऱ्यांचे प्रमाण भारतातील पुरुषांत ४२ टक्के तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. ही दरी स्त्रियांच्या आळसामुळे नाही. त्यांना सुरक्षित मोकळी जागा आणि मोकळा वेळ आपण दिलेला नाही, म्हणून आहे.

कारखानदारांचेही कर्तव्य आहे. पाळी सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे शरीर मोकळे करण्याचा प्रघात, उपाहारगृहात आठवड्यातून काही दिवस भाकरी आणि वर्षातून एकदा प्रत्येक कंत्राटी कामगाराची रक्तदाब-साखर तपासणी एवढे केले तरी आजारपणाच्या रजा आणि अपघात यांवर त्याचा परिणाम दिसल्यावाचून राहणार नाही.

आणि आपण? वस्तीत गणेश मंडळे आहेत, भजनी मंडळे आहेत, महिलांचे बचतगट आहेत. नवी संस्था काढण्याची गरज नाही. गणेश मंडळाने आपल्या वर्गणीतून रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र घ्यावे आणि महिन्यातील एका रविवारी तिशीवरील प्रत्येकाचा दाब मोजून वहीत टिपावा. १४०/९० च्या वर वारंवार आकडा आला की त्या माणसाला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात स्वतः घेऊन जावे. बचतगटाने कोरड्या दिवसाची जबाबदारी उचलावी आणि मिळून मालदांडी ज्वारीची पोती थेट शेतकऱ्याकडून आणावीत. तरुणांनी सकाळी अर्धा तास मैदानावर यावे आणि आपल्याबरोबर एका वडीलधाऱ्याला आणावे. अवघड यातले काहीच नाही. सातत्य तेवढे अवघड आहे. आणि ते एकट्याने टिकत नाही, दहाजण मिळून टिकते.

ज्यांच्या घामावर हे औद्योगिक शहर उभे राहिले, त्यांचे शरीर पन्नाशीतच मोडून पडणार असेल तर त्या प्रगतीचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. यंत्राला तेलपाणी करण्याची वेळ ठरलेली असते. ते न केल्यास कोणता भाग कधी निकामी होईल हे प्रत्येक कामगाराला ठाऊक असते. तीच काळजी त्याने स्वतःच्या देहाची घ्यावी आणि समाजाने त्याला त्यासाठी दिवसातला अर्धा तास, थोडी मोकळी जागा आणि घोटभर स्वच्छ पाणी मिळेल हे पाहावे. मुकुंदवाडीच्या एका गल्लीत जरी हे वर्षभर टिकले, तरी शेजारच्या गल्लीला ते सांगावे लागणार नाही.